पन्नासच्या आधीचा पुरावा

पुतणीच्या जातपडताळणीसाठी
पन्नासच्या आधीचा कागद हवा होता,
म्हणून रेकॉर्ड रूमच्या पायऱ्या चढलो.

खडकीच्या दारूगोळा कारखान्याची हजेरी:
'रागू सटवा, हमाल, रोज चार आणे.'
कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलेलं.
हा आमचा राघोजी असेल,
किंवा कुणाचाही.

बोपोडीच्या कोतवाल बुकात सगळी मोडी.
कसबेकर बाई पानामागे दीडशे घेतात.
भिंग सरकवत म्हणाल्या,
"जात स्वच्छ वाचता येतेय.
नाव वाळवीनं खाल्लंय."
वाळवीलाही ठाऊक,
काय शिल्लक ठेवायचं ते.

काम झालं होतं. उठायचं सोडून
मी शेजारची वही ओढली,
प्लेगच्या छावणीची.
'राघू हमाल याची बायको, वय अदमासे बावीस,
जांघेत गाठ, ताप दिवस चौथा.'
पुढचा रकाना, बरी की मयत,
कोरा.

आजोबा जन्मले त्यानंतर तीन वर्षांनी.
म्हणजे ती वाचली.
किंवा दुसरी आली,
आणि आता दोघींचं नाव शोधायचं.

शिवाजीनगर कोर्टाबाहेर
वंशावळीचं शपथपत्र टाइप झालं:
सटवाजी, राघोजी, म्हादू, किसन.
बाप, मुलगा, बाप, मुलगा,
सरळ खाली, नळातून पाणी उतरावं तसं.

राघोजीच्या बाजूला मी पेन्सिलीनं
एक लहान चौकट काढली, रिकामीच.
नोटरीनं चष्म्यावरून पाहिलं,
खणातून खोडरबर काढून
माझ्यापुढे ठेवलं,
आणि शिक्क्याची शाई हलवत
वाट बघत बसला.