माग

पहाटे साडेतीनला आश्वेंच्या वाळूवर
मी ट्रॅक्टर उतरवतो, मागे जाळीचं यंत्र.
बाटल्यांची झाकणं, थोटकं, एक पैंजण,
रशियन अक्षरांची चप्पल,
सगळं चाळून पोटात घेतं आणि मागे सोडतं
विंचरलेली वाळू.
शॅकवाले उठायच्या आत
कालचा दिवस पुसायचा, एवढंच काम.

पण हात अजून दुसऱ्याच यंत्राचे आहेत.

सावर्ड्याच्या खाणीवर चौदा वर्षं डोझर.
आई म्हणायची, तुझी गंजी धुतली
की न्हाणीतून सांज वाहते.
खाण बंद पडली. एजंटनं विचारलं,
बर्फावर चालवशील?
म्हटलं, खाली काय असतं?
म्हणाला, डोंगरच.

गुलमर्गला पहिली रात्र, उणे अकरा.
पुढे बारा तऱ्हांनी वळणारं पातं,
मागे गरगरणारी दातेरी फणी,
आणि पट्टे इतके रुंद
की माणूस मांडीपर्यंत रुतेल तिथं
तेरा टन तरंगत जातात.
शेजारी गनी चोपान,
हीटर चालू असूनही फेरनच्या आत कांगडी.
म्हणाला, शाणू, तू उकरतोस.
इथं उकरायचं नाही.
उचल, पसर, दाब, विंचर,
आणि निघून जा.
रात्रभर बसू दे त्याला,
सकाळपर्यंत कुणाचं पाऊल नको.

चौदा वर्षांत मला कुणी
निघून जायला शिकवलं नव्हतं.

चार हिवाळे मी डोंगरावर वाटा घातल्या.
दर मे महिन्यात त्यांचं पाणी झालं.
खाणीतला माझा खड्डा मात्र आहे अजून,
हिरव्या पाण्यात म्हशी बसतात.

पाचव्या हिवाळ्यात अफरवटच्या उतारावर
विंचचा दोर तुटला.
गनी तेव्हा बाहेर होता, काच खरवडत.
त्यावर मी बोलत नाही.
त्याच्या मुलाला महिन्याला थोडे पाठवतो.

तर आज दिवा टाकला आणि पाहिलं,
माझ्याआधी कुणीतरी यंत्र फिरवून गेलेलं.
पाण्यातून सरळ वर एकच पट्टा,
दीड-दोन हात रुंद, मधे गुळगुळीत,
कडेला उजवा-डावा, उजवा-डावा,
स्वल्पविरामांसारखे खळगे.
एवढा लहान डोझर आणला कुणी?
कायतानकडे तर नाही.

उतरलो, गुडघ्यावर बसलो,
गनी बसायचा तसा.
ताजा किती, कडा ढासळल्यात का,
वजन केवढं, कुठल्या दिशेचा.
फक्त वर जाणारा होता.
परतीचा नव्हता.

म्हणजे यंत्र अजून वरच होतं.

दिवा बंद केला. इंजिनही.
मर्यादवेलीच्या कडेला ती,
मागच्या पायांनी आळीपाळीनं
ओंजळ-ओंजळ वाळू उचलत होती.
एक उचल, बाजूला टाक, थांब.
मग खूप वेळ नुसतीच.
मग लोटलं सगळं आत,
आणि अख्खं अंग डावीकडे, उजवीकडे आपटून
दाबत राहिली. धप. धप.
एवढं नीट दाबणं
मी फक्त एकाच माणसाचं पाहिलं होतं.
वर वाळू विस्कटली, जागा लपवली
आणि निघून गेली.
मागे वळून पाहिलं नाही असं म्हणणार नाही,
अंधार होता.

बाबलो बांबू आणि जाळी घेऊन आला,
म्हणाला, "आयलें मरे! ह्या वर्साचें पयलें."

सातला कायतानचा फोन.
शाणू, अर्धा किनारा तसाच.
पैसे कापीन.
काप, म्हटलं. तिथून पट्टा गेलाय,
ओला आहे अजून.
कसला पट्टा?

सांगणार होतो.
पण इंजिन निवताना टिकटिक करत राहतं थोडा वेळ,
गुलमर्गलाही करायचं,
ते ऐकत बसलो.