अबोला आणि चार हँडसेट

लेक सुपीरियरच्या काठाला, कीविनॉच्या टोकाकडे,
जिथे रस्त्याचं नाव संपतं आणि नुसता नंबर उरतो,
तिथे माझ्या दोन मावश्या राहतात.
आयली वर, लेंपी खाली.
नऊ वर्षं बोलणं नाही.
कारण विचाराल तर एक होडी, आजोबांची.
कुणी विकली, कुणी विकू दिली,
ते आता दोघींनाही नीट सांगता येत नाही.
अबोला मात्र तोंडपाठ.

त्या घरात मोबाइलला रेंज एकाच जागी:
स्वयंपाकघराच्या खिडकीत, जेरेनियमच्या कुंडीमागे.
बाकी सगळं घर म्हणजे विहीर.
जुनी तांब्याची लाइन कंपनीने बंद केली,
तसं पत्र आलं. दोन पत्रं. दोघींना वेगवेगळी.
म्हणून मी डुलुथहून चार तास गाडी हाकत
एक खोकं घेऊन गेलो.
एक बेस, चार हँडसेट,
आणि दोन मोबाइल जोडायची सोय.

कुंडीमागे दोघींचे मोबाइल ठेवले,
अंगाला अंग लावून.
नऊ वर्षांत त्या घरातलं काहीच
एकमेकांच्या इतकं जवळ आलं नसेल.
बटण दाबून धरलं. निळा दिवा लुकलुकला.
चार शून्यं टाकली.
'जोडणी झाली,' यंत्रातली बाई म्हणाली,
कुणावरच राग नसलेल्या आवाजात.
आयली जिन्यात उभी होती, लेंपी ओट्यापाशी.
दोघी माझ्याकडे बघत होत्या.
माझ्याकडेच.

आता फोन कुणाचाही असो, चारही वाजतात:
वर, खाली, गॅरेजात, सौनाच्या बाकावर.
लेंपीच्या दातांचा डॉक्टर आयलीच्या कानात बोलतो.
आयलीच्या चर्चमधली बाई
लेंपीला दहा मिनिटं कॉयरच्या सरावाचं सांगत बसते,
आणि लेंपी, जिने देवाला कधीच सोडचिठ्ठी दिलीय,
'हं, हं' करत राहते.
यंत्र फोन करणाऱ्याचं नाव पुकारतं, पण कसं!
हेइक्किनेन म्हाताऱ्याचा फोन आला
की चार खोल्यांतून ओरडतं, 'हाय किचन!'

आधी निरोप फ्रिजवर चिकटायचे.
नाव नाही, सही नाही.
मग जानेवारीत, आयलीच्या गुडघ्याने जिना नाकारला त्या दिवशी,
तिने इंटरकॉम दाबला.
समोरासमोर बोलायचं नाही, हे ठरलेलं.
यंत्रातून बोलायचं नाही, असं कुठे ठरलं होतं?
'तुझा दातवाला. मंगळवारी, साडेदहा.'
बराच वेळ काही नाही.
वरच्या मजल्यावर एक फळी करकरली.
'बरं.'

हे मला लेंपीने सांगितलं, तक्रार म्हणून.
फक्त तो 'बरं' सांगताना
आवाज जरा खाली ठेवला.

मार्चमध्ये मी फोन लावला, रस्ते मोकळे झाले का विचारायला.
दोघींनी एकदमच उचलला.
दोन श्वास ऐकू आले, एक वरचा, एक खालचा.
कुणीच ठेवेना.
मी बर्फाचं बोललो, टायरांचं बोललो,
मग माझंच बोलणं संपलं.
आणि त्या सांदीत, कुठून कोण जाणे,
'ती निळी होती,' लेंपी म्हणाली.
'हिरवी. निळा फक्त तळ.'
'तळ तू कधी बघितलास? रंगवला मी.'
'उलटी करून धरली कुणी?'

मी पेट्रोल पंपावर गाडी लावली होती.
मागचा ट्रकवाला हॉर्न देत होता.
हळूच पुढे सरकलो, कडेला थांबलो,
हीटर बंद केला, त्याची घरघर जाईल म्हणून.
होडी निळीची हिरवी, हिरवीची निळी होत राहिली,
मध्येच कुणाचा तरी हँडसेट टुकटुकला.
'चार्जला लाव तो,' आयली खेकसली.
'तुझाच वाजतोय.'

'आर्वो,' लेंपीने विचारलं, 'तू आहेस ना रे?'
मी तोंडावर हात धरला.
'गेला वाटतं,' आयली म्हणाली,
आणि फोन ठेवला नाही.