शिट्टी

पहाटे चारला ग्रामपंचायत उघडते,
म्हणजे मी उघडतो.
कपाटातून टॉर्च काढतो, रजिस्टर काढतो
आणि शिट्टी.
शिट्टी सरकारी आहे, तिची पावती आहे.
पस्तीस रुपये.

पांदणीच्या तोंडाशी आम्ही तिघं :
ग्रामसेवक, अंगणवाडीच्या प्रमिलाताई,
आणि शिपाई सूर्यभान वाघाडे.
उजेड पडला की बाया उठून उभ्या राहतात
पदर ओढून, पाठ फिरवून,
जणू रस्त्यानं कुणी मोठा माणूस चाललाय.
तेव्हाच वाजवायची असते.
मी वाजवतो.
एखादी पाठ ओळखीची निघते,
मग टॉर्च खाली धरतो.

कौतिकाबाई उठली नाही.
गुडघे गेलेत तिचे, एकदा बसली की बसली.
म्हणाली, "वाजव बाप्पा, वाजव.
तुह्यं पोट हाय त्याच्यावर.
पण मले एक सांग,
नवव्या दिवशी येते नळ, दोन गुंड भरते.
ते पेवाचं, का संडासात टाकाचं?"

ग्रामसेवकानं लिहिलं : समज दिली.

तिचा संडास मला माहीत आहे.
बारा हजारांचा, दारावर नंबर टाकलेला.
फोटोसाठी मीच तिला दारात उभं केलं होतं,
म्हटलं, हास ना जरा, आत्याबाई.
ती हसली. फोटो जिल्ह्यापर्यंत गेला.
आता आत पऱ्हाट्या आहेत, पावसाळ्याचं जळण,
आणि तिच्या घरात फरशी तेवढीच,
म्हणून कोंबडी तिथं अंड्यांवर बसते.

नऊ वाजता मी नाली उपसतो.
तायवाडे पाटलांकडे तीन संडास,
गच्चीवर दोन काळ्या टाक्या,
बोअरला बारमाही पाणी.
टाइल्सवर चालताना मला माझे पाय दिसतात
आणि मी परत ओट्यावर येतो.
पाइप तेवढा मागच्या भिंतीतून निघतो
आणि शाळेच्या फाटकासमोर संपतो.
पोरं दप्तर डोक्यावर धरून
विटांवरून उड्या मारत वर्गात जातात.
पाटील खुर्चीतून बघतात, म्हणतात,
"काय सांगू सूर्यभान,
या लोकाइले सवयच नाही स्वच्छतेची."
बोलता बोलता खर्रा घोटतात,
अर्धा स्वतः घेतात, अर्धा मला देतात,
त्यांची पन्नी भिंतीपलीकडे जाते.
अंगण झाडल्यासारखं राहतं.

इथं वाजवायची का?
रजिस्टरात असा रकाना नाही.

मी खर्रा तोंडात टाकला
आणि माझ्या हाताची पन्नी,
आता खोटं कशाला सांगू,
नालीत टाकली.
त्याच नालीत. फावडं अजून ओलं होतं.

कौतिकाबाई काडक्यांचा भारा घेऊन येत होती.
थांबली. काही बोलली नाही.
दोन बोटं तोंडात घालून जोरात फुंकलं तिनं.
दात नाहीत.
नुसती हवा निघाली. फुस्स.
शाळेतली पोरं खदखदून हसली,
पाटीलही हसले.
मी फावडं धुतलं. धुतलेलंच पुन्हा धुतलं.

शनिवारी बायको धुणं घेऊन बसली,
माझ्या खाकी पँटच्या खिशातून
सतरा पन्न्या काढल्या, दगडावर ठेवल्या.
"हे काय जमवून राह्यले तुम्ही?
अन् आता हे टाकू कुठं?"

मी त्या ओंजळीत घेऊन अंगणात आलो.
नाली समोर होती. उकिरडा भरून रस्त्यावर आलेला.
चुलीत घालावं तर धूर घरभर.
पंचायतीच्या कचराकुंडीत
सरपंचाच्या गड्यानं पेंड भिजवलेली, बैलासाठी.

दिवेलागण होत आली होती.
कौतिकाबाई काठी टेकत पांदणीकडे निघाली होती,
तांब्या पदराखाली.
माझी शिट्टी कपाटात.
मी ओंजळ पोटाशी धरली,
पाठ फिरवून उभा राहिलो,
ती पुढे निघून जाईपर्यंत.