शेरा

पुण्याच्या डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक उघडलं
तेव्हा मला हसूच आलं.
रंगाऱ्याच्या पोराला रंग विचारताय?
आमच्याकडे नान्ना कढईच्या वाफेतनंच सांगतात,
हिरवा अजून दोन चिमटी मागतोय.

पहिल्या पानावर बारा होते.
दुसऱ्यावर नुसते ठिपके.
तिसऱ्यावर, चौथ्यावर,
सुपातून ज्वारी सांडावी तसे.

फॉर्मवर एका शब्दाचा शेरा.
एस.टी.त तो घडी घालून खिशात ठेवला,
टेंभुर्णीला उघडून बघितला.
बदलला नव्हता.

मग एकेक आठवत गेलं.
सुताच्या लडी मी रंगानं नाही, खुंटीनं ओळखायचो.
डावीकडून तिसरी खुंटी, लाल.
एकदा नान्नांनी खुंट्या बदलल्या
आणि चादरीचा मोर काठासकट बिघडला,
तेव्हा मार खाल्ला होता,
रात्री झोपत नाहीस म्हणून.

अम्मा विड्या वळता वळता म्हणाली,
माझे नान्नापण टोमॅटो दाबूनच घ्यायचे.
एवढंच म्हणाली.
त्या दिवशी तिचे हजार भरले नाहीत.

दोन माग विकून आलेले पैसे बँकेत होते,
माझे उडायचे तास.
त्यांचं काय करायचं, कुणी विचारलं नाही.
मौनिकानं माझं हवामानशास्त्राचं पुस्तक घेतलं,
त्याला नवं कव्हर घातलं,
त्यावर नाव मात्र घातलं नाही.

घरात तेलुगू, गल्लीत मराठी,
आणि रात्री गच्चीवर आम्ही दोघं
व्हिक्टर, टँगो, रॉजर.
शेजारची यंबक्का विचारायची, कुणाला हाका मारताय?
मी प्रश्न काढायचो, ती सोडवायची.
हवा तापली की काय होतं?
पातळ होते. पंखाला धरायला काही राहत नाही.
मग?
मग धावपट्टी लांब लागते.
किती लांब?
मे महिन्यात? अक्कलकोटपर्यंत.

पाच पेपर सुटले, एक दुसऱ्या खेपेला.
डोळ्यांच्या तपासणीला ती गेली
तेव्हा मी दुकानात बसून होतो,
त्याच त्या गिऱ्हाईकाला तीनदा सुट्टे देत.

बारामतीहून फोन यायचे.
आज अठ्ठावीस तास झाले. आज एकोणतीस.
आज मास्तर बोलले, पाय जड आहेत तुझे.
एकदा म्हणाली, पट्टीच्या कडेला चार दिवे असतात,
दोन पांढरे दोन लाल दिसले की बरोबर उतरतोय.
चारही पांढरे, तर फार वर.
चारही लाल, तर
आणि थांबली.
सांग की.
तर फार खाली, दादा.

मार्चमध्ये ती एकटी आली, होटगी रोडला.
मी कुंपणाबाहेर, उसाच्या रसवाल्याशेजारी,
डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी,
आत न्यायला परवानगी नसणार हे माहीत असून.
विमान टेकलं, उडी मारली, परत टेकलं.
रसवाला म्हणाला, लहानच आहे की.
मी म्हटलं, होय. धाकटी.

तारेच्या अल्याड मी, पल्याड ती, फोनवर.
उडी मारलीस.
बाजूचा वारा होता.
किती?
आठ नॉट.
आठला उडी मारतात होय?
ती हसली. मग म्हणाली,
आपली गच्ची दिसली वरनं. लडी वाळत होत्या.
कुठल्या रंगाच्या?

खूप वेळ नुसता वारा ऐकू आला.

डावीकडून तिसऱ्या खुंटीच्या, ती म्हणाली.

मग तिला निघायला हवं होतं.
ऊन चढत होतं, हवा पातळ व्हायला लागली होती.
इंजिन सुरू झालं तसं
मी डबा खाली ठेवला
आणि नजरेनं पट्टी मोजत राहिलो,
चाकं सुटेपर्यंत.

पुरली.