पावणेसहाची हजेरी

दुक्मच्या गोदीत आधी वारा येतो, उजेड नंतर.
ठोकळ्यांवर टेकलेलं जहाज, त्याच्या पोटाखाली आम्ही बावीस जण,
हेल्मेटवर नंबर, आणि माझ्या हातात ऑफिसातून आलेला कागद:
आजचं काम, आजचे धोके, खाली सही.
दिलावर परकार, चार्जहँड. महिना झाला.

कुंजुमोन घरी परतताना मला शिट्टी देऊन गेला
आणि त्याचे तीन शब्द: जल्दी, खल्लास, माफी.
माफी म्हणजे इथे ‘नाही’.
क्षमेचा त्यात काही संबंध नाही.
या तिघांवर त्याने अकरा वर्षं जहाजं पाण्यात सोडली.
मीही चालवले.
चालतात. फोर्कलिफ्टलाही चालतील.

मग तो मंगळवार.
टेकबहादूरने टाकीच्या झाकणाला जुनंच गॅस्केट घातलं.
चाचणीला पाणी भरलं तसं फुटलं.
कुणाला लागलं नाही, फक्त एक पाळी वाया गेली.
विचारलं का नाहीस?
त्याने बुटांकडे पाहिलं.
तुम्हीच म्हणालात, मुंडी खाली, सवाल माफी.
माझंच वाक्य,
नेपाळी हेल लावून परत आलेलं.

त्या रात्री कॅम्पात झोप लागेना.
हर्णैचा किनारा आठवला. होडी वाळूवर घ्यायची,
वीस माणसं, त्यांतली निम्मी रुसलेली,
दोघांचं तर बोलणंच बंद,
आणि अब्बा नाळीला खांदा लावून म्हणायचे
ओढूया.
‘ओढा’ कधीच नाही.
मला वाटायचं, बोलायची पद्धत आहे.
‘या’ एवढंच तर अक्षर जास्त.

सकाळी तेच हिंदीत सांगायला गेलो आणि अडलो.
हम. कोणते हम?
आम्ही कागदवाले, की आपण सगळे?
तिथे दोघांना एकच दार.
अप्पलराजू म्हणाला, आमच्यात आहे की, मनम.
मेमु वेगळं, मनम वेगळं.
वेल्डिंगची काच वर करून हसला;
श्रीकाकुळम सोडल्यापासून
त्याचा शब्द त्याला कुणी विचारला नसावा.
मल्याळी म्हणाले, नम्मळ.
टेकबहादूरने बराच विचार केला.
हामी. आमच्यात दोन्हीला तेच, म्हणाला,
पण हात असा फिरवतो,
आणि त्याने हात फिरवला,
गोल, माझ्यासकट.

शब्द सापडला म्हणून काम झालं असं नाही.
‘शुक्रवारी आपण थांबूया’ म्हणालो
आणि स्वतः पिकअपमध्ये एसी लावून बसलो,
तेव्हा तो दमट रॉडसारखा झाला,
कितीही घासा, ठिणगी धरेना.
चार नंबरच्या टाकीत गुडघ्यांवर रांगत उतरलो,
तासभर त्यांच्याबरोबर गंज खरवडला,
तेव्हा कुठे थोडा सुकला.

आणि साखळी सुटते तेव्हा
मी अजूनही ओरडतो, हटो!
तिथे ‘आपण’ म्हणायला वेळ नसतो.
नंतर त्याच्याजवळ जाऊन सांगतो, का ओरडलो.
हे कुंजुमोनच्या वहीत नव्हतं.

आज कागद घडी करून खिशात टाकला.
टेकबहादूर, काल झाकणाचे बोल्ट तू
समोरासमोरच्या जोडीने आवळलेस. पाहिलं मी. बाराही.
शाब्बास काय, कुणालाही म्हणता येतं,
पण बारा मोजले, हे फक्त त्याचं.
हेल्मेटच्या पट्ट्याखाली त्याचे कान लाल झाले.
मग त्याने हात वर केला.
एक प्रश्न आहे, म्हणाला.

वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही.
मी जवळ गेलो.