पांढरी शाई नसते

माझ्या प्रिंटरमध्ये आठ शाया. त्यातल्या दोन काळ्या,
एक चकचकीत कागदाची, एक खरखरीत कागदाची.
दोघींचं पटत नाही.
एकीवरून दुसरीवर जायचं तर यंत्र घसा खाकरतं
आणि मधल्या मध्ये दहा युरोंची शाई पिऊन टाकतं.

पांढरी मात्र एकही नाही.
हे मला टपालाची गाडी चालवणं सुटल्यावर कळलं.
पांढरं छापता येत नाही.
यंत्राने जिथे हातच लावला नाही, ती जागा पांढरी.

आणि मी राहतो इनारीला.
इथे सात महिने फोटोत दुसरं असतं काय?
मी कागद निवडतो म्हणजे बर्फ निवडतो.

सुती कागदाचा बर्फ मार्चमधला,
दुधावर साय धरावी तसा.
चकचकीत कागदाचा जानेवारीतला, निळसर.
धोतराला नीळ द्यावी तशी कागदालाही देतात म्हणे;
ती उडाली की तो पिवळा पडतो.
आणि सुपरमार्केटमधला, पन्नास पानांचा गठ्ठा:
त्यावर उमटतो रस्त्यात वाळू टाकल्यानंतरचा बर्फ.

दर मंगळवारी मी एक पान छापतो,
काम असो नसो,
नाहीतर शाई यंत्राच्या नाकपुड्यांत वाळते.
राउहाला हे ठाऊक होतं. ती मंगळवारीच आली,
खोकल्याच्या गोळ्यांच्या डबीत मेमरी कार्ड
आणि रुमालात वेलदोड्याचे दोन पाव घेऊन.

ताउनोचा फोटो.
पालथ्या बादलीवर बसलाय, समोर बर्फाला पाडलेलं भोक,
पुढे तळं, कडेपर्यंत काही नाही.
कॅमेऱ्याकडे पाठ.
मी म्हटलं, चेहऱ्याचा नाही का एखादा?
ती म्हणाली, चेहरा मला पाठ आहे.

मग मी दुकानदारासारखा बोलत सुटलो.
ही शाई बारीक कणांची, हट्टी, कागदावर ठाण मांडून बसते.
ही दुसरी, जुन्या प्रिंटरमधली, कागदात मुरते,
रंग हिचे जास्त गोड, पण उन्हाला भित्री.
"जगते किती?"
पहिली शंभर वर्षं, काचेमागे. खोक्यावर लिहिलंय.
दुसरी वीस, सावलीत ठेवलीस तर.
"मी तर स्वयंपाकघराच्या खिडकीशी लावणार."

खिडकीशी!
अगं, जूनमध्ये सूर्य मावळत नाही आपल्याकडे,
दोन्ही पाळ्यांत खाईल तो त्याला.

तिने पाव कॉफीत बुडवला. घाई नव्हती.
"मी एक्याऐंशीची.
शंभर वर्षांनी याला कोण ओळखणार?
पाठमोरा माणूस, पालथी बादली.
म्हणतील, काय सुंदर बर्फ आहे.
मला भित्री दे.
तोही जूनमध्ये पडदे लावूनच झोपायचा."

छापला. जुनं यंत्र कुरकुरत
ओळीमागून ओळ सोडत गेलं:
आधी आभाळ, मग टोपी, मग जाकीट.
ती वाकून बघत होती.
"इतकं लाल नव्हतं ते. मी किती वेळा धुतलंय."
कमी करतो, म्हटलं. माऊसवर हात ठेवला.
तिने माझा हात बाजूला केला.
"राहू दे.
दोन उन्हाळ्यांत बरोबर होईल."

ती गेल्यावर मी दुसऱ्या यंत्रात
सुती कागद घातला, शेवटून तिसरा.
कार्ड ती विसरली होती; का मुद्दाम, विचारलं नाही.
हट्टी शाई. मार्चचा बर्फ.
रात्रभर वाळू दिला. कुणाला सांगितलं नाही.

सकाळी खणात ठेवण्याआधी
त्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं,
शंभर वर्षांनी कुणी उलटून बघितलाच, तर:

ताउनो. मुड्डुस तळं.
बादली माझी.
परत आली नाही.