बारावी सही

चिआतुराच्या जुन्या खाणकामगार क्लबाची
किल्ली एकच, ती माझ्या एप्रनच्या खिशात.
नगरपालिकेच्या पगारपत्रकात माझं पद 'तांत्रिक साहाय्यक'.
म्हणजे शेगडी पेटवायची, खुर्च्या मांडायच्या,
आणि वर्ग सुटल्यावर मागे थांबून कोण रडलं
ते कुणाला सांगायचं नाही.

खुर्च्या चाळीस. त्यातल्या तीन लंगड्या.

बहिऱ्यांच्या गटाला गोल लागतो.
एकाचं डोकं दुसऱ्याच्या हातांआड आलं
की वाक्य मधेच तुटतं.
दिवाही बाजूने हवा, सावलीत शब्द दिसत नाहीत.
हे मला ओतियाने शिकवलं,
नुसत्या भुवया उंचावून.

सुखुमीहून आलेल्या बायकांना पाठीशी भिंत लागते.
तीस वर्षं झाली, अजून दाराकडे तोंड करून बसतात.
त्यांच्यासाठी आठ शिवणयंत्रं आली,
खोक्यांवर कुठल्याशा दूतावासाचा शिक्का.
मझिया म्हणाली, "शिवता मला येतंच गं.
मापं द्यायला माणसं कुठून आणू?"
प्रशिक्षिकेने ते वहीत लिहिलं नाही.
वहीत तसा रकाना नव्हता.

खाणीतले म्हातारे रांगेत बसतात,
पाळीवर निघाल्यासारखे.
संगणकाच्या पहिल्या दिवशी वाझिकोने माऊस असा धरला
जणू घरट्यातून पडलेलं पिल्लू. दाबायला धजेना.
नखांत मँगनीजची काळी रेघ अजून तशीच.
नाताळात पडद्यावर पोलंडमधून त्याची लेक दिसली,
तेव्हा त्याने आधी टोपी काढली.

मग मार्चमध्ये मधमाश्यांची योजना आली.
कुणीही या, अट एकच: बारा जण हवेत.
बारा नसतील तर पेट्या परत.
अकरा झाले. बारावा काही मिळेना.
कागदी घोडे तिबिलिसीपर्यंत नाचून आले,
शेवटी साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, मला माश्यांची भीती वाटते.
ते म्हणाले, सही करायला माशी लागत नाही.

अशी मी लाभार्थी झाले. क्रमांक बारा.
ओतियाने माझ्यासाठी खुर्ची मांडली, नेमकी लंगडी,
आणि योजनेचं रंगीत माहितीपत्रक चार घड्या करून
तिच्या पायाखाली सरकवलं.
डुगडुग थांबली.

एप्रिलमध्ये पेट्या क्लबामागच्या उतारावर लागल्या.
आमच्या भाषेत माश्यांना राणी नसते,
आई असते.
प्रशिक्षक म्हणाला, कान द्या,
आई हरवली की पेटीचा आवाज बदलतो.
आम्ही कान दिले. मला सगळीकडे एकच गुणगुण.

ओतिया पुढे आला. हातमोजा काढून
तळवा लाकडावर टेकवला, डोळे मिटले.
पहिली: आहे. दुसरी: आहे.
सातवीपाशी थांबला. बराच वेळ.
मग त्याचे हात जे म्हणाले
ते मी बाकीच्यांना बोलून दाखवलं:
घरात सगळे आहेत,
आणि कुणालाच कळत नाही आता काय करायचं.

मझियाने हातमोजा काढला.
त्याच्या तळव्याशेजारी आपला ठेवला.
किती वेळ, ते मी सांगणार नाही.

झाकण उघडलं. खरंच नव्हती.
नवी आई विकत मिळते, पण योजनेत ती बसत नाही;
पेटी बसते, धुराडं बसतं, जाळीची टोपी बसते.
वाझिकोने डोक्यावरची टोपी काढली,
या वेळी फिरवायला.
जमले एकोणचाळीस लारी आणि एक बटण.

रविवारी कुतैसीहून मीच घेऊन आले तिला,
काडेपेटीएवढ्या पिंजऱ्यात,
एप्रनच्या खिशात, किल्लीच्या शेजारी.
खिशावर सगळी वाट हात धरून होते.
मार्शुत्काच्या ड्रायव्हरने विचारलं, काय आहे?
मी म्हटलं, काही नाही,
आणि भाडं एकाचंच दिलं.